एकास आठ

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवर एक छोटी चांदीची आगगाडी उभी आहे, हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पाहुण्यांच्या पुढ्यात मद्य आणि सिगार नेऊन पोचविणे हे तिचे काम. लहानपणी ती पाहिली तेव्हा माझी समजूत झाली होती की, मोठी वस्तू लहान केली म्हणजे प्रतिकृती झाली. ही समजूत पन्नाशी उलटल्यावर एका अर्धवट मोटारीने दूर केली.

ती मोटार माझ्या थोरल्या बंधूंच्या, अण्णांच्या टेबलावर होती. अण्णा देवासच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर हातांना काम नाही म्हणून ते अस्वस्थ असत. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. त्याने तेथील एका संग्राहकाकडून कधीही न उघडलेली एक जुनी पेटी मिळवून त्यांना आणून दिली. पेटीत ‘पोकेर’ या इटालियन कारखान्याची ‘आल्फा रोमिओ ८सी २३०० मोंझा’ ही मोटार होती. अर्थात सुट्या भागांच्या रूपात.

आर्नाल्दो पोकेर हे तुरीन शहरचे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी प्रथम आगगाड्यांच्या प्रतिकृती करावयास घेतल्या आणि १९६० नंतरच्या दशकात ते मोटारींकडे वळले. त्यांची पहिली मोटार १९०७ सालच्या फियाट शर्यतगाडीची होती. फेलिचे नाझ्झारो याने त्या वर्षीची फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकली, तीच ही गाडी. पाठोपाठ आल्फा रोमिओ, रोल्स-रॉईस, मर्सिडीज-बेंझ आणि बुगाटी आल्या. या साऱ्या एकास आठ या प्रमाणातल्या. पुढे हे नाव इंग्लंडमधील हॉर्नबी या कंपनीकडे गेले.

मूळ आल्फाही काही सामान्य गाडी नव्हे. व्हित्तोरिओ यानो या अभियंत्याने तिचे इंजिन आखले. आठ सिलिंडर एका ओळीत, परंतु चार-चारांच्या दोन ठोकळ्यांत विभागलेले, आणि वरच्या दांड्यांना फिरविणारी दातेरी चाकांची माळ बरोबर त्या दोहोंच्या मधोमध. इटलीतील मोंझा येथे १९३१ साली दहा तासांची ग्रां प्री शर्यत झाली. कंपारी आणि नुव्होलारी यांनी आळीपाळीने हाकून ती या गाडीवर जिंकली आणि गाडीला त्या गावाचे नाव मिळाले. ल मां येथील चोवीस तासांची शर्यतही ८सी जातीच्या गाड्यांनी १९३१ ते १९३४ अशी सलग चार वर्षे जिंकली.

आता प्रमाणाविषयी. बाजारात बहुधा मिळणारी खोक्यातील मोटार एकास चोवीस या प्रमाणाची, म्हणजे फुटाला अर्धा इंच असते. एकास बारा म्हणजे फुटाला एक इंच आणि एकास आठ म्हणजे फुटाला दीड इंच. चार मीटर लांबीची गाडी या शेवटच्या प्रमाणात अर्धा मीटर भरते. गाडी जितकी मोठी तितके काम सोपे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. लहान प्रतिकृतीत डोळा पुष्कळ गोष्टींना क्षमा करतो. मोठीत तो झडती घेतो. इंजिनातील ठिणगीच्या प्लगाकडे जाणारी तार मूळ गाडीत आठ मिलिमीटर जाड असेल, तर एकास चोवीसमध्ये ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. नसली तरी कोणी विचारीत नाही. एकास आठमध्ये ती पूर्ण एक मिलिमीटर जाड होते आणि नसली तर बॉनेट उचलताच दिसते. बॉनेट आवळणारा चामड्याचा पट्टा मुळात चार मिलिमीटरचा असेल, तर येथे तो अर्धा मिलिमीटरच हवा. शिवाय साध्या चामड्यावरील रंध्रे या मानाने आठपट मोठी दिसतात. म्हणून पुस्तकबांधणीचे पातळ कातडे घेऊन ते मागून आणखी तासावे लागते. रंगाचा थर दशांश मिलिमीटरचा बसला, तर मूळ गाडीवर जवळजवळ एक मिलिमीटरचा लेप दिल्यासारखे होते. कडा बोथट होतात आणि बॉनेटवरील वाऱ्याच्या फटी बुजतात. यास्तव रंग पातळ करून अनेक हातांनी द्यावयाचा, दोन हातांमध्ये पुरेसा वाळू द्यावयाचा आणि बारीक वॉटर पेपरने पाणी लावून घासावयाचा. हे काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ही सूचना या छंदाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुण वाचकांसाठी.

अण्णांच्या पेटीत हजाराहून अधिक तुकडे होते. प्लॅस्टिक, पितळ, पोलाद, रबर. अण्णांनी त्यांत स्वतःची भर घातली. मागच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी पेट्रोलची नळी त्यांनी तांब्याच्या तारेची केली. तार आधी तापवून मऊ केली म्हणजे ती न मोडता वळते, हे फिटरला कोणी शिकवावे लागत नाही. ती नळी गाडीच्या पोटाखालून जाते. गाडी उलटी केल्याशिवाय दिसत नाही. मी एकदा म्हणालो, “अण्णा, हे कोण पाहणार?” ते चष्मा न काढता म्हणाले, “तू पाहिलंस ना आत्ता?”

एवढे सगळे झाले, पण चाके राहिली. या गाडीची चाके तारेच्या आऱ्यांची आहेत आणि पेटीत ती तयार मिळत नाहीत. मधला तुंबा, बाहेरची कडा आणि सुटे आरे असतात. चाक आपण विणावयाचे. अण्णांनी दोन चाके विणली. तिसरे विणीत असतानाच्या दिवसांत त्यांची दृष्टी मंदावली होती. तिसरे पूर्ण झाले आणि काही आठवड्यांतच ते गेले.

वर्षश्राद्धानंतर वहिनींनी ती गाडी माझ्या स्वाधीन केली. मी प्रथम तिसरे चाक फिरवून पाहिले. ते उघड उघड डुगडुगत होते. एका बाजूच्या आऱ्यांची गुंफण चुकलेली होती. ते उसवावे की ठेवावे, याचा निर्णय मला होईना. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यांच्या हातचं शेवटचं आहे. राहू द्या.” माझेही मन तेच सांगत होते. त्या चुकीत त्यांचे अखेरचे दिवस होते. ती दुरुस्त करणे म्हणजे ते दिवस पुसून टाकणे, असे वाटले. गाडी तशीच चार महिने पडून राहिली.

मग त्यांची वही हाती आली. कारखान्यातील सवयीप्रमाणे त्यांनी रकाने आखले होते : दिनांक, काम, तास, शेरा. शेवटच्या ओळीत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते : “चाक ३. आऊट आहे. उजवीकडची गुंफण चुकली. परत करणे.”

मी ती ओळ वहिनींना वाचून दाखविली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांनीच सांगून ठेवलंय की.”

परंतु सांगितलेले करणे मला येत नव्हते. एम. ए. मराठीच्या अभ्यासक्रमात चाक विणणे नाही. आमच्या शाळेसमोर सायकलचे दुकान आहे. तेथे जाऊन मी रोज सुटीनंतर उभा राहू लागलो. दुकानदाराने मला समजावून दिले की तारेचा आरा ओझे खालून पेलून धरीत नाही, दाबला तर तो वाकेल. तो केवळ ताणाने काम करतो. सगळे आरे कडेला आत खेचून धरतात, म्हणून तुंबा मध्यभागी तरंगता राहतो. आरे तुंब्यातून सरळ न निघता तिरके आणि एकमेकांना ओलांडून जातात, याचेही कारण आहे : तुंबा फिरतो तेव्हा ते ओढले जातात आणि तो जोर कडेपर्यंत पोचवितात. एक आरा आवळला की त्याच्या शेजाऱ्याकडे आणि समोरच्याकडे पाहिलेच पाहिजे. चाकाचा आऊट काढणे म्हणजे हेच : कडेजवळ एक खूण धरावयाची, चाक फिरवावयाचे, कोठे घासते ते पाहून पाव-पाव आटा सैल किंवा घट्ट करावयाचे. घाईने एकच आरा पिळला तर कडा कायमची वाकते. तीस वर्षे मी वर्गातील एकेका मुलास वेगळे काढून ‘सरळ’ करीत आलो. ते दुकानात उभा असताना मला आठवल्याशिवाय राहिले नाही.

तिसरे चाक उसवताना हात थरथरला, हे कबूल करतो. आरे बशीत काढून ठेवले, धुतले आणि अण्णांची पहिली दोन चाके नमुन्यादाखल समोर ठेवून पुन्हा विणावयास घेतले. पहिल्या दोन प्रयत्नांत ते अण्णांच्या तिसऱ्याहून वाईट झाले. तिसऱ्या प्रयत्नात खुणेच्या पेन्सिलीला न घासता फिरले. नंतर चौथे विणले.

आता गाडी चार चाकांवर उभी आहे. शाळेतील मुले घरी आली की बॉनेट उघडून दाखवा म्हणतात. मी आधी गाडी उलटी करून पोटाखालची तांब्याची नळी दाखवितो. पाहुणे पुढच्या दोन चाकांचे कौतुक करतात. ती अण्णांची आहेत. माझी मी मागे बसविली आहेत.

वहीत अण्णांच्या ओळीखाली मी माझ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आहेत : “चाक ३. केले. चाक ४. किंचित आऊट आहे. परत करणे.”