राखेचे काँक्रीट होईल, पण धूळ कोणाच्या फुफ्फुसात?

साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात बगॅस जाळून वीज तयार होते आणि मागे राख उरते. ती कुठेतरी नेऊन ओतायची कटकट, एवढीच आजवर तिची किंमत. आता ती सिमेंटच्या काही भागाऐवजी काँक्रीटमध्ये घालता येते, म्हणून तिला भाव येऊ पाहतो आहे. आमचा विरोध नाही. सिमेंट वाचले तर चांगलेच.

पण विज्ञान अर्धे सांगू नका. सिमेंट पाण्याशी मिळते तेव्हा चुना सुटतो, राखेतली सिलिका त्याच्याशी बांधली जाते आणि ताकद वाढते. भट्टी फार तापली की हीच सिलिका स्फटिकरूप होते. मग ती काँक्रीटच्या फारशी कामाची राहत नाही आणि फुफ्फुसाला घातक ठरते. लाकडाच्या राखेत तर चुना-पोटॅश जास्त, सिलिका कमी. तेव्हा दिसली राख की ओत घमेल्यात, असे चालत नाही. आयएस 456:2000 या मानकात भाताच्या तुसाची राख मंजुरी घेऊन वापरता येते. बगॅसच्या राखेचे तिथे नावही नाही.

मग पहिला प्रयोग कोणाच्या भिंतीवर होणार? रमाई आवासच्या घरकुलावर? ठेकेदाराला स्वस्त ब्लॉक हवा असतो आणि गरिबाच्या घराचा चाचणी अहवाल कोणी मागत नाही. आम्ही म्हणतो, आधी कारखान्याचे ऑफिस बांधा, चेअरमनसाहेबांचा बंगला बांधा. (साहेब पर्यावरणप्रेमी आहेतच.) आमच्या घरकुलात लावायचे तर प्रत्येक खेपेचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

आणि फावडे कोणाच्या हातात? 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता, म्हणजे रुग्ण आढळला की कळवणे बंधनकारक. पण गेटबाहेर राख चाळणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावरच नसेल तर तिचा खोकला कोण कळवणार? 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. गावाने टाकलेले आपण उचलायचे, ही रीत तिथे नाकारली गेली. ती आता 'हरित' नाव घेऊन आली तरी नाकारायचीच.

तरुणांनो, गळीत हंगामाआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका: तालुक्यातल्या कारखान्याची राख किती निघाली, कोणाला दिली, कुठे टाकली.