घराची नाडी कोण पाहणार?

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो. मात्र जन्माची पुंजी ओतून घर घेताना आपण काय पाहतो? दाराची दिशा, देवघराची जागा, फरशीचा रंग आणि महिन्याचा हप्ता. भिंतीला विचारायचे प्रश्न तसेच राहून जातात.

बँकेत गृहकर्जाच्या फायली हाताळताना ही उणीव मला नेहमी जाणवे. फायलीत वकिलाचा शोध-अहवाल असे, म्हणजे मालकी निर्वेध. मूल्यांकनकाराचा दाखला असे, म्हणजे किंमत ठरली. दोन्ही कागद मुख्यतः बँकेच्या पैशाची काळजी वाहतात. छतात ओल आहे काय, खांबाची सळई गंजली आहे काय, हे घेणाऱ्याच्या बाजूने सांगणारा तिसरा कागद फायलीत नसतो.

अमेरिकेत गृहनिरीक्षकांची संघटना 1976 पासून आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2009 मध्ये या व्यवसायाला परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे असा परवानाच नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकार होण्यासाठी 2017 च्या नियमांनुसार पदवी, अनुभव, 50 तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा लागते. पण ते शिक्षण किंमत ठरवण्याचे, प्रकृती तपासण्याचे नव्हे. ‘रेरा’ने संरचनेतील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर टाकली, हे खरेच. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि जुने घर घेणाऱ्याला त्याचा उपयोग फारसा नाही. अहिल्यानगर, श्रीरामपूर, संगमनेर यांच्या उपनगरांत स्वतः बांधलेली घरे किती, हे सांगायला नको.

मग हा निरीक्षक घडावा कसा? दहावीनंतरची तीन वर्षांची स्थापत्य पदविका हा त्याचा पाया. त्यावर वर्ष-दोन वर्षे अनुभवी अभियंत्याच्या आणि मुरलेल्या गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी हवी. ओळंबा आणि पाणसळ त्याच्या हातात सहज बसली पाहिजे. गिलाव्यावर टिचकी मारून पोकळ आवाज ओळखता आला पाहिजे. गिलाव्याची केसाएवढी चीर आणि पाया खचल्याने पडलेला तिरका तडा यांतला फरक कळला पाहिजे. शंका असल्यास तड्यावर काचेची पट्टी चिकटवून, ती फुटते की टिकते हे पाहण्याचा धीर हवा. आपल्या जिल्ह्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मुरमापर्यंत न गेलेला पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून येथील निरीक्षकाला पुस्तकाइतकीच माती वाचता आली पाहिजे. शिवाय अर्थिंग, सांडपाण्याचे उतार आणि मंजूर नकाशा हेही त्याच्या विषयांत येतात.

हे स्वप्नरंजन नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीने जड झालेली माळवदे माणसांवर कोसळली. त्यानंतरच्या पुनर्वसनात अभियंत्यांना आणि गवंड्यांना घरांच्या मजबुतीकरणाचे धडे दिले गेले. भिंतीत आरपार दगड आणि कोपऱ्यांना बांध कसा घालावा, हे गावोगाव पोचले. संकटानंतर जे शिकवता आले, ते आधी का शिकवता येऊ नये? तंत्रनिकेतने आणि आय.टी.आय. जिल्ह्यात आहेतच. सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम त्यांना अवघड नाही, आणि तालुक्याच्या गावी राहू पाहणाऱ्या मुलामुलींना त्यातून मानाचे काम मिळेल.

खरी परीक्षा मात्र सचोटीची आहे. निरीक्षकाने फी घ्यावी ती घर घेणाऱ्याकडूनच. विकणाऱ्याकडून दलाली नको आणि स्वतःच दाखवलेल्या दोषाच्या दुरुस्तीचे कंत्राटही नको. अहवाल असावा साध्या मराठीत, छायाचित्रांसह. जे उघडून पाहता आले नाही, तेही त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. घर भर पावसात एकदा पाहावे, नव्या रंगाखाली काय झाकले आहे ते विचारावे, आणि इसार देण्यापूर्वी ओळखीच्या अभियंत्याला रीतसर फी देऊन सोबत न्यावे. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे ती रक्कम किरकोळच आहे.