यिडलचं फिडल आणि आजोबांची पेटी

माझे आजोबा तमाशाच्या फडात पेटी वाजवायचे. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली! हॉस्टेलवर कोणी विचारलं की मी सांगायचो, "आजोबा म्युझिक टीचर होते." कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा, दुसरं काय सांगणार?

गेल्या सेमिस्टरला रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर एक जुना सिनेमा पाहिला. 'यिडल मिटन फिडल', साल १९३६. भाषा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरची बोली. गोष्ट साधीच. गरीब बाप आणि त्याची मुलगी पोटासाठी गावोगाव वाजवत फिरतात. रस्त्यावर मुलीची जात सुरक्षित नाही, म्हणून ती मुलाचे कपडे घालते. पुढे आणखी दोन वादक भेटतात, त्यातल्या तरुणाच्या ती प्रेमात पडते आणि मग जी काही धमाल होते! मॉली पिकॉन नावाच्या नटीने तो रोल असा केलाय की सबटायटल वाचायचं विसरायला होतं.

हसून झाल्यावर सिनेमाबद्दल वाचलं आणि गप्प झालो. शूटिंग पोलंडमधल्या काझिमिएश दोल्नी या गावात झालं होतं. लग्नाच्या सीनमध्ये गावचीच माणसं आहेत. १९४२ पर्यंत नाझींनी तिथली सगळी ज्यू वस्ती संपवली. ते चेहरे, ती बोली त्या कॉमेडीत मात्र राहिली.

त्याच रात्री धुळ्याला आजीला फोन केला. म्हटलं, आजोबांच्या फडाबद्दल सांग ना. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "तुले आते याद उनी का?" मला अहिराणी समजते, बोलता येत नाही. उत्तर मी इंग्लिश मीडियमच्या मराठीत दिलं.

मग ती तासभर बोलली. दिवसा ट्रकमध्ये झोप, रात्री तंबूत खेळ, सकाळी पुढचं गाव. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, शेवटी वग. सोंगाड्याने अहिराणीत टोला हाणला की अख्खा तंबू हलायचा. आणि गौळणीतली मावशी? ती पुरुषच! तिकडे यिडल मुलगी असून मुलगा झाली, इकडे बाप्या माणूस लुगडं नेसून मावशी झाला. २०१० साली 'नटरंग' आला तेव्हा नाच्या झालेल्या गुणा पैलवानासाठी आपण सगळे हळहळलो. मग खराखुरा फड आला की नाक का मुरडतो?

"तमाशा अश्लील असतो," असं म्हणतात. काही ठिकाणी नुसती सिनेमाची गाणी आणि नाच उरलाय, हे मीही मान्य करतो. पण वग सुरू झाला की "गाणं लावा, गाणं लावा" म्हणून ओरडतं कोण? आपणच ना! त्यात २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रा बंद, म्हणजे फडाची चूलही बंद. कित्येकांनी तेव्हा मजुरीचं काम धरलं.

आपल्या जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गायच्या ते घरच्यांनी उतरवून ठेवलं. त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. वही नसती तर आज विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव असतं का? आमच्या आजोबांच्या फडातल्या वगांची कोणी वही केली नाही. ते गेले, वगही गेले. आजीला आता दोनच बतावण्या आठवतात, त्याही अर्ध्या.

मित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. एकवीरा देवीच्या यात्रेला जाल, सारंगखेड्याला घोडे बघायला जाल, तेव्हा फडाच्या तंबूतही जा. तिकीट काढून जा, वग संपेपर्यंत बसा. खेळ झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन, तासभर रेकॉर्डिंग करा. आणि गॅदरिंगला एक संध्याकाळ डीजेऐवजी फड बोलवायला काय हरकत आहे? यंदा मीटिंगमध्ये मी हे सुचवलं तर सगळे हसले. पुढच्या वर्षी पुन्हा सुचवणार आहे.

तोपर्यंत मी आजीच्या त्या दोन अर्ध्या बतावण्या रेकॉर्ड केल्यात. ज्याला ऐकायच्या असतील त्याने रूमवर यावं. आणि हो, माझे आजोबा म्युझिक टीचर नव्हते.