एका अक्षराचा दोष आणि एका बेटाचे दान

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठी बोलणारास कोणी शिकवावा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ करून आनंदीबाईने तो घडवून आणला, ही कथा आजीपासून नातवापर्यंत चालत आली आहे. त्या अक्षराविषयी इतिहाससंशोधकांत एकमत नाही. परंतु रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरविले ते रघुनाथरावास, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले तेही त्यासच. असे असता तो पुरुष बायकोच्या आहारी गेलेला भोळा ‘राघोबादादा’ म्हणून स्मरणात उरावा, आणि ती स्त्री मात्र लोकांच्या जिभेवर जन्मठेप भोगीत राहावी, हा न्याय कोठला?

बाळकुमच्या रहिवाशांस तरी हा प्रश्न परका वाटू नये. त्यांचे गाव ज्या साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाला वसले आहे, ते मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांपासून सोडविले होते. मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. आणि पेशवाईच्या लोभाने मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात साष्टी व वसई इंग्रजांस लिहून दिली ती याच रघुनाथरावाने. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी परत आली नाही. एका अक्षराची म्हण झाली. अख्ख्या बेटाची झाली नाही. कारण उघड आहे. ते अक्षर स्त्रीच्या नावावर होते, बेट पुरुषाच्या सहीने गेले.

ही खोड केवळ आमच्या इतिहासकथनाची नव्हे. वर दिले दशरथाने, पण वनवासाचे पाप कैकेयीचे; आणि कैकेयीसही थोडे मोकळे करावयाचे झाल्यास दासी मंथरा आहेच. ग्रीकांनी जगातील सर्व दुःखे पँडोराच्या हातून बाहेर काढविली. पुरुषाचा दोष ठेवावयास जागा हवी, म्हणून स्त्री भयंकर ठरवावयाची, ही युक्ती फार जुनी आहे.

ती प्रथम उघडी पाडली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात कमी झाली. परंतु तेवढ्या निमित्ताने पत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून विचारले, की जे दुर्गुण तुम्ही स्त्रियांचे म्हणता ते पुरुषांत नाहीत काय? जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. इतरांनी उत्तराऐवजी उपहास केला. स्त्रिया सर्वथा निर्दोष असतात, असे ताराबाईंचे म्हणणे नव्हते व आमचेही नाही. दोष ज्याचा त्याच्या पदरी घालावा, इतकेच मागणे आहे.

हे सारे जुन्या काळचे, असे म्हणून कोणी सुटू पाहील तर ते आम्हांस मान्य नाही. खाडीकाठच्या या गावाभोवती आज उंच इमारती उभ्या आहेत. पण घरात सून येताच धंदा बुडाला तर ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द उद्वाहनातूनही वर चढतो. आदिवासी पाड्यावर मूल दगावले की एखादी एकाकी म्हातारी चेटकीण ठरते, आणि तिची जमीन कोणास हवी होती, हे विचारावयाचे राहून जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणी करणी करतो, इतरांवर संकट आणतो वा रोग पसरवितो, असा आरोप करून त्याचे जगणे असह्य करणे, हा त्यान्वये गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे.

परंतु कायदा पोलीस ठाण्यात वाट पाहत बसतो. तेथवर जाणारे पाऊल शेजाऱ्याचे असावे लागते. घरातल्या सुनेस अपशकुनी म्हटले जात असता जो ‘त्यांचा घरगुती मामला’ म्हणून दार लावून घेतो, तोही त्या छळाचा भागीदार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि शाळाशाळांतून ज्या दिवशी आनंदीबाईचे अक्षर सांगितले जाईल, त्याच दिवशी त्याच तासास राघोबाची सहीही सांगितली जावी. मुलांनी काय तो निवाडा मग स्वतः करावा.