टाके, एनिमा आणि प्रश्न विचारणारी सुईण

‘डॉक्टर, नॉर्मल होईल ना? आणि टाके पडतील का हो?’ नववा महिना लागला की हे दोन प्रश्न पाठोपाठ येतात. पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असे, ‘पहिलटकरणीला टाके पडतातच.’ ते चूक होतं. आणि हे मला पहिल्यांदा दाखवून दिलं ते एका सिस्टरनी.

मी शिकाऊ डॉक्टर होतो. बाळाचं डोकं दिसू लागलं की कात्री हातात घ्यायची, असा तेव्हा रिवाज होता. वाट मोठी व्हावी म्हणून योनिमार्गाच्या तोंडाशी छेद देतात, त्याला एपिझिऑटॉमी म्हणतात. वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, असं आम्हाला शिकवलेलं. त्या रात्री सिस्टर म्हणाल्या, ‘थांबा जरा डॉक्टर. ठोके चांगले आहेत बाळाचे. होतंय तिचं.’ मी थांबलो. त्यांनी तिला जोर न करता श्वास सोडायला सांगितलं, हाताने आधार दिला. बाळ हळूहळू बाहेर आलं. एकही टाका लागला नाही.

पुढे त्यांची बदली डोळ्यांच्या वॉर्डात झाली आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेलं. ते कुणी मोजलं नव्हतं, लिहिलं नव्हतं, की विद्यार्थिनींना शिकवलं नव्हतं. मीही पुन्हा कात्री उचलू लागलो.

१९८० च्या आसपास इंग्लंडमध्येही असंच चालत असे. कळा सुरू झालेली बाई आली की एनिमा, केस काढणं आणि मग बऱ्याचदा छेद. पण तिथल्या काही सुइणींनी या रिवाजांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. सुईण म्हटलं की आपल्यापुढे वाडीवरची अनुभवी आजी उभी राहते. मी म्हणतोय ती रीतसर शिकलेली, नोंदणी झालेली, रुग्णालयात बाळंतपणं करणारी सुईण.

मोना रोमनी या सुईणीने आधी केस काढण्याचा आणि मग एका डॉक्टरच्या साथीने एनिमाचा अभ्यास केला. सरसकट करावं असा फायदा दोन्हींत दिसला नाही. जेनिफर स्लीप या सुईणीने रेडिंगमध्ये १००० बाळंतिणी घेतल्या. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटात छेद सढळ हाताने, दुसऱ्यात फक्त बाळासाठी गरज पडली तरच. पहिल्या गटात ५१ टक्के बायकांना छेद दिला गेला, दुसऱ्यात १० टक्के. बाळांच्या तब्येतीत लक्षणीय फरक नाही. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी आईच्या दुखण्यातही नाही. उलट छेद टाळलेल्या गटात जास्त बायकांना अजिबात जखम झाली नाही. १९८४ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. पुढे इतर देशांतल्या अभ्यासांनीही हेच सांगितलं. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये सरसकट छेद, एनिमा, केस काढणं, तिन्हींना नकार आहे.

माझ्या सिस्टरना जे हाताने ठाऊक होतं, तेच स्लीपबाईंनी मोजून जगापुढे मांडलं. फरक हुशारीचा नव्हता, संधीचा होता.

आपल्याकडे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते. पण प्रत्यक्षात आज प्रसूतिकक्ष, उद्या अतिदक्षता विभाग. बढती मिळाली की हाती रजिस्टरं येतात आणि बाळंतीण दूर जाते. शिकवणारीने कित्येक वर्षांत बाळंतपण केलेलं नसतं. करणारीला शिकवायला वेळ नसतो. संशोधनाचं तर नावच नको. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नर्सेससाठी मिडवाइफरीच्या १८ महिन्यांच्या खास प्रशिक्षणाची योजना आणली. उत्तम झालं. पण प्रशिक्षणानंतर तिला प्रसूतिकक्षातच राहू द्या, तिथेच शिकवू द्या, तिथेच प्रश्न विचारू द्या. पगार आणि बढतीही त्याच वाटेवर द्या.

‘मग डॉक्टर कशाला?’ असं कुणी विचारेल. रक्तदाब वाढला, रक्तस्राव झाला, बाळाचे ठोके बिघडले, तर डॉक्टर हवाच, आणि तोही हाकेच्या अंतरावर. कधी कधी छेदही हवाच. बाळ घाईने बाहेर काढायचं असेल, चिमटा लावायचा असेल, तर तो द्यावा लागतो. माझा आक्षेप ‘सरसकट’ या शब्दाला आहे.

तुम्ही काय करू शकता? नवव्या महिन्यातल्या तपासणीत विचारा, ‘छेद गरजेपुरताच देता ना? कळांमध्ये मला फिरता येईल ना?’ विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि तुमची लेक नर्सिंगला जात असेल, तिला बाळंतपणाच्या कामाची ओढ असेल, तर ‘त्यात काय पुढे जाणार?’ असं म्हणू नका. तिने मोजलेल्या एखाद्या गोष्टीमुळे उद्या शेकडो बायकांचे टाके वाचतील.