विश्लेषण : खाणीने गावाला दिले किती, यापेक्षा गावाकडून घेतले किती?

खांदा कॉलनीतून महामार्गाकडे निघाले की ताडपत्री टाकलेला खडीचा डंपर भेटतोच. वसाहतीतल्या इमारती, रस्ते आणि खांदेश्वर स्थानकाचे फलाट अशाच काळ्या दगडाच्या खडीवर उभे आहेत. पलीकडच्या विमानतळासाठी तर उलव्याचा डोंगरच कापला गेला. तरीही खाण म्हटले की आपल्याला चंद्रपूर-गडचिरोली आठवते. कायद्याच्या लेखी दगड, मुरूम आणि वाळू ही ‘गौण’ खनिजे असली, तरी पनवेल तालुक्यातली दगडखाण ही खाणच आहे. मग तिच्या शेजारच्या गावाला काय मिळते, हा प्रश्नही इथला आहे.

गावाला मिळते काय?

पहिला मार्ग सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ नुसार सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. पण हे बंधन ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांनाच आहे. गावाकडचा खडी क्रशर बहुधा त्यात बसत नाही.

दुसरा मार्ग जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. खाण कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तो आला. राज्यात दगडावर ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन आहे आणि त्याच्या १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानकडे जाते. म्हणजे चार ब्रासचा डंपर गेला की बाधित भागासाठी २४० रुपये जमा. (पासाशिवाय गेलेल्या डंपरचे अर्थातच शून्य.) केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार अशा निधीतला किमान ७० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा प्राधान्याच्या कामांवर व्हायला हवा.

तिसऱ्या मार्गाची चर्चा सहसा होत नाही. तो म्हणजे खाणीची रोजची खरेदी. क्रशरचे जबडे किंवा पोकलेन तालुक्यात बनणार नाहीत, हे मान्य. पण धूळ बसवण्यासाठी लागणारा पाण्याचा टँकर, वेल्डिंग, पंक्चर, कामगारांचे जेवण, गणवेशाची शिलाई, झाडे लावणे आणि जगवणे हे सगळे दहा किलोमीटरच्या आत मिळू शकते. शाळेला बाके एकदाच मिळतात, त्यांच्यावर दात्याचे नाव रंगवलेले असते. डब्यांचे बिल मात्र दर महिन्याला निघते आणि त्यातून कुणाचे तरी घर चालते. म्हणून खाणीचे मूल्यमापन देणगीच्या फलकावरून न करता खरेदीच्या वहीवरून करावे, असे माझे मत आहे.

स्थानिक म्हणजे नेमके कोण?

‘स्थानिकांना काम द्या’ ही मागणी पनवेल-उरण पट्ट्यात जुनी आणि रास्त आहे. १९८४ च्या जासईच्या लढ्याचे रक्त तिला लागले आहे. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के भूखंडांची वाट निघाली. नवी मुंबईत काही दगडखाणीही प्रकल्पग्रस्तांना चालवायला दिल्या गेल्या. ज्याची जमीन गेली, त्याला कामात वाटा हवाच.

पण आज ‘स्थानिक ठेकेदार’ म्हणजे बऱ्याचदा ज्याच्याकडे चार डंपर, एक पोकलेन आणि कुणाचे तरी पत्र आहे तो. डोंगराच्या कुशीतल्या कातकरी वाडीचा त्यात नंबर लागत नाही. बचत गटातल्या बाईने तर विचारायचे कुणाला? निविदेत तीन वर्षांची उलाढाल आणि लाखांची अनामत मागितली की तिची वाट तिथेच बंद होते. आणि खाणीशेजारी पत्र्याच्या खोलीत राहून दगड फोडणारा, परजिल्ह्यातून आलेला मजूर? तो धूळ सगळ्यांत जास्त खातो, पण कोणत्याच यादीत ‘स्थानिक’ नसतो.

कायद्याची सक्ती कुठवर?

वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉयल अशा नागपूरस्थित सरकारी खाण कंपन्यांना वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा लागतो. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के राखीव आहेत. धोरण चांगलेच आहे. पण त्यात ‘लघु’ची अट आहे, ‘जवळच्या’ची नाही. माल कोलकात्याहून आला तरी टक्केवारी भरते. घानाने २०२० मध्ये खाणींनी कोणत्या वस्तू व सेवा देशातल्याच पुरवठादारांकडून घ्याव्यात, याची यादीच नियमात आणली. आपल्या खासगी दगडखाणीला असे काहीच लागू नाही.

खाणचालक म्हणतात, गावातला माल महाग पडतो आणि वेळेवर येत नाही. यात तथ्य आहे. पण बिल चार महिने अडकले तर टँकरवाला तरी डिझेल कुठून भरणार? सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची त्या वर्षी प्राप्तिकरात वजावटही मिळत नाही. बचत गटाने उद्यम नोंदणी केली आणि खाणीकडून लेखी मागणीपत्र घेतले, तर हा कायदा त्यांच्या बाजूने उभा राहतो.

डंपर कोणत्या खाणीतून निघाला आणि त्यात किती ब्रास आहे, हे आज ‘महाखनिज’ प्रणालीवर नोंदले जाते. त्याच शिस्तीने परवाना नूतनीकरणाच्या अर्जासोबत एक कागद मागता येईल : वर्षभरात तालुक्यातून किती रुपयांची खरेदी केली, किती जणांकडून केली, त्यात महिला आणि आदिवासी किती, आणि बिल किती दिवसांत चुकते केले. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला फार खर्च येणार नाही.