कोंबडीचीं पिलें आणि पहिला पंधरवडा

शेतीस जोडधंदा असावा हें आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. गिरिराज, वनराज अशा सुधारलेल्या जातींचीं एक दिवसाचीं पिलें उबवणी केंद्रांतून आणून परसांत वाढविणारीं कुटुंबें गांवोगांव आढळतात. परंतु ५० पिलें आणावयाचीं, पंधरा दिवसांत त्यांतील निम्मीं पुरावयाचीं आणि "आमच्या घरास कोंबडी धार्जिणी नाहीं" असें म्हणून खुराडें सरपणांत घालावयाचें, हा प्रकारही तितकाच आढळतो. कोणी दैवास दोष देतो, कोणी नजर लागली म्हणतो, कोणी केंद्रावर खापर फोडतो. आमचें मत याहून निराळें आहे. पहिल्या पंधरवड्यांतील पुष्कळशी मर रोगाची नसते. ती थंडीची, तहानेची आणि ओलीची असते. हीं तिन्ही कारणें मालकाच्या हातांतलीं आहेत.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंडीं उबविते आणि पिलें निघाल्यावर त्यांस पंखांखालीं घेते. तिच्या अंगाची ऊब सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते. पिलाच्या अंगावर नुसती लव असते आणि पहिले कांहीं दिवस त्यास स्वतःची उष्णता राखतां येत नाहीं. गारठलें कीं तें आईच्या पंखांत शिरतें. दाणा कोणता व पाणी कोठें हेंही आईच दाखविते. यंत्रांतून निघालेल्या पिलास ही आई नाहीं. आई आपण काढून घेतली, तेव्हां आईचें काम आपणांवर आलें, ही गोष्ट आमच्या शेतकरी बंधूंच्या ध्यानांत येत नाहीं.

पिलें येण्यापूर्वीं निदान एक दिवस आधीं जागा तयार होऊन उबदार झालेली असली पाहिजे. पिलें दारांत आणि तूस बाजारांत, हा क्रम चालणार नाहीं. पत्र्याचें किंवा जाड पुठ्ठ्याचें दीड फूट उंचीचें गोल कुंपण करावें. कोपरे ठेवूं नयेत, कारण थंडीनें वा भीतीनें पिलें कोपऱ्यांत एकमेकांवर चढतात आणि खालचीं गुदमरतात. खालीं भाताचें कोरडें तूस दोन इंच पसरून त्यावर पहिले दोन-तीन दिवस खडबडीत कागद घालावा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश उष्णता असावी आणि पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंश कमी करीत न्यावी. जुन्या तारेच्या बल्बांनीं हें काम होतें. थंडीच्या दिवसांत दर पिलामागें दोन वॅट धरावे. हल्लींचे एलईडी दिवे प्रकाश देतात, ऊब देत नाहींत, आणि हें न कळल्यामुळें लख्ख उजेडांत पिलें गारठून मरतात. वीज जाईल त्या रात्रींसाठीं निखाऱ्यांची शेगडी तयार ठेवावी, पण ती जाळीनें झांकून आणि हवेस मोकळी वाट ठेवून. बंद खोलींत निखाऱ्यांचा वायु पिलांस मारतो आणि माणसांसही.

उष्णतामापक नसला तरी पिलें स्वतः सांगतात. दिव्याखालीं गोळा होऊन चिवचिवाट करीत असतील तर त्यांस थंडी वाजते. दिव्यापासून दूर जाऊन चोंची उघडून धापा टाकीत असतील तर ऊब अधिक झाली. सगळीं एकाच बाजूस दाटलीं असतील तर समोरच्या फटींतून वारा येतो. सर्वत्र सारखीं पसरलेलीं आणि शांत असतील तर व्यवस्था बरोबर आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं आणि पहाटे ही पाहणी झालीच पाहिजे.

अंड्यांतील उरलेला बलक निघण्याच्या सुमारास पिलाच्या पोटांत ओढला जातो. त्यावर तें दोन-तीन दिवस तग धरतें, म्हणूनच पिलें लांबवर पाठवितां येतात. परंतु ही प्रवासाची शिदोरी आहे, जेवण नव्हे. पिलें आल्याबरोबर प्रथम थोडा गूळ घातलेलें कोमट पाणी द्यावें व एकेकाची चोंच बुडवून दाखवावी. भांडें उथळ असावें आणि त्यांत स्वच्छ खडे ठेवावे, नाहींतर पिलें भिजतात किंवा बुडतात. दोन-तीन तासांनीं मक्याचा बारीक भरडा द्यावा आणि मग पिलांचें तयार खाद्य सुरू करावें. त्यांत शेंकडा २० च्या आसपास प्रथिनें लागतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिलूं पोसत नाहीं.

आतां दुखण्यांविषयीं. गुदद्वारास विष्ठा चिकटून वाट बंद होते, तेव्हां कोमट पाण्याच्या फडक्यानें ती भिजवून हळूच काढावी, ओढूं नये, आणि ऊब व पाणी पुनः तपासावें. पहिल्या आठवड्यांत पोट फुगून बेंबी ओली व दुर्गंधी राहिली, तर तो दोष बहुधा घाणेरड्या अंड्यांचा किंवा अस्वच्छ उबवणीचा असतो. असें पिलूं सहसा वांचत नाहीं, तें वेगळें काढावें. पांढऱ्या हगवणीच्या एका घातक प्रकाराचे जंतु कोंबडीकडून अंड्यांतून पिलांत उतरतात, म्हणून खात्रीच्या केंद्रांतूनच पिलें घ्यावीं. तोंड वासून श्वास घेणारीं पिलें दिसलीं तर तूस आणि खाद्य यांचा वास घेऊन पाहावा. बुरशी फुप्फुसांत गेली म्हणजे औषध चालत नाहीं. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीचें भय असतें आणि तिचें मूळ ओल्या तुसांत आहे. भांड्याभोंवतीचें ओलें तूस रोज काढावें. रक्त दिसतांच पशुवैद्यास विचारून त्यावरील औषध पाण्यांतून द्यावें.

कित्येकजण पहिल्या दिवसापासून जंतुनाशक पुड्या पाण्यांत मिसळतात. थंडीवर पुडी हा उपाय नव्हे, आणि राणीखेत व गंबोरो हे विषाणूंचे रोग असल्यामुळें त्यांवरही तिचा कांहीं उपयोग नाहीं. उलट जंतु औषधास सरावतात. माणसांच्या अखेरच्या उपचारांतील कोलिस्टिन हें औषध कोंबड्यांस देणें केंद्र सरकारनें २०१९ सालीं बंद केलें, तें याच कारणास्तव. या दोन रोगांवर लस हाच उपाय आहे. राणीखेतची लासोटा लस पांचव्या ते सातव्या दिवशीं डोळ्यांत थेंब टाकून, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास; आणि मॅरेक रोगाची लस केंद्रांतच टोंचली काय, हें घेतांना विचारावें. लस बर्फांतच आणावी.

एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. बहुतेक घरीं ही निगा बायका करतात आणि पैसा घरधन्याच्या हातांत असतो. तुसाचें एक पोतें, दोन बल्ब आणि एक भांडें यांस पैसे मागितले तर "कोंबड्यांस एवढें कशाला?" असें उत्तर मिळतें; पिलें मेलीं म्हणजे मात्र दोष तिचाच. बी पेरण्यापूर्वीं नांगरटीस खर्च करणारा शेतकरी येथें नांगरटीवांचून पीक मागतो, हा न्याय नव्हे आणि हिशेबही नव्हे.

आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, आणि नोंदीवांचून केलेला अंदाज किती फसवा असतो हें आम्ही तेथें पाहिलें आहे. म्हणून दोन सूचना करतों. प्रत्येक घरीं वहीचें एक पान राखावें. त्यांत तारीख, मेलेलीं पिलें आणि तीं कशीं आढळलीं, दबून, पोट फुगून कीं रक्ती हगवणीनें, एवढेंच लिहावें. पंधरा दिवसांत तें पान कारण सांगूं लागेल. दुसरी सूचना आपल्या संघास आहे. पिलांची मागणी एकत्र नोंदवितांना ज्याच्या घरीं कुंपण, तूस, बल्ब व शेगडी यांची तयारी कोणी सभासदानें स्वतः पाहिली असेल, त्यासच पिलें द्यावीं. थंडीचा मोसम लागण्यापूर्वीं हा विषय बैठकीपुढें यावा, अशी आमची विनंति आहे.